बोरीच्या हौदातला समुद्र

बोरी बुद्रुकच्या हौशीरामांच्या गोठ्यामागील हौद वर्षभर कोणी घासला नव्हता, आणि आज त्याच हौदावर फ्रान्स व जपान या देशांचे शास्त्रज्ञ येणार होते. हौशीरामांची कन्या वृषाली उपग्रहांवरून समुद्राच्या रंगाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत काम करीत असे. पाहुण्यांपुढे शेवाळलेले पाणी ठेवण्याच्या लज्जेने हौशीरामांनी पहाटेच धोतराला घालायच्या निळीच्या बाटल्या हौदात रित्या केल्या. हौद आकाशासारखा निळा झाला. त्यांना वाटलेली धन्यता मात्र न्याहारीपर्यंतच टिकली.

"आबा, हौदाला हात नाही ना लावला?" वृषालीचा फोन आला. "ते हिरवं पाणीच हवंय. आपलं धरून तिन्ही देशांची यंत्रं एकाच पाण्याचा एकच रंग सांगतात का, ते बघायचंय. जुळलं तरच मला समुद्रावरच्या मोजणीच्या जहाजात घेणार."

"न्हाई, न्हाई," हौशीराम म्हणाले. त्यांनी निळे तळहात धोतराला पुसले. "आन् कुनी कायी मिसळलं, तर कळतं का गं?"

"डोळ्यांना न दिसणारंही यंत्राला दिसतं, आबा."

त्यांच्या पत्नी ठकूबाईंनी कपाळाला हात लावला. "गोठ्यात बसून लेकीचं जहाज बुडवलंत तुमी."

"भीमाशंकराला नवस बोलू का?"

"द्येव नवस घेतो. यंत्र घेतं का? रांगोळीत निळ्यात पिवळं मिसळलं की हिरवं व्हतंय. हळद आना."

वर्षभराची हळद हौदात गेली. पाणी हिरवे झाले नाही. ते मोराच्या मानेसारखे झाले, आणि त्याला लग्नघराचा वास येऊ लागला. तेवढ्यात दारात गाडी थांबली.

वृषालीने हौद पाहिला, मग वडिलांचे हात पाहिले. तिचा चेहरा उतरला. तिन्ही यंत्रे पाण्यात सोडण्यात आली. फ्रेंच गृहस्थांच्या कपाळावर आठी पडली. जपानी बाईंनी आपले यंत्र पुसून पुन्हा बुडवले. हौशीरामांनी म्हशीच्या खुंट्याचा आधार घेतला.

"पावणं, चूक माझी हाय," ते अखेर हात जोडून म्हणाले. "पोरीला जहाजातनं उतरवू नका."

या वाक्याचा वृषालीने अनुवाद केला नाही. पाहुणे मात्र बराच वेळ बोलत राहिले.

"काय म्हनत्यात?"

"असं पाणी त्यांनी कुठल्याच समुद्रात पाहिलं नाही म्हणे. तरीसुद्धा तिन्ही यंत्रं तंतोतंत जुळली, म्हणून जास्तच खूश आहेत. माझं जाणं ठरलं, आबा."

हौशीराम हौदाच्या कठड्यावर मटकन बसले. ठकूबाईंनी भीमाशंकराच्या दिशेने हात जोडले.

"पण," वृषालीने आवाज खाली आणला, "पुढच्या महिन्यात आणखी पाच देश येणारेत. पाणी हुबेहूब हेच हवंय."

हौशीरामांनी सावकाश पत्नीकडे मान वळवली. "हळद किती पडली व्हती गं?"

"भ्यालेलं मानूस मोजून घालतंय व्हय?" ठकूबाई म्हणाल्या. "तुमी तरी नीळ मोजली व्हती का?"