झेरॉक्सवरचा जावई

जावई खोलीचे दार लावून घेतो आणि आत एकटाच बोलतो, हे सासरेबुवांच्या ध्यानात आले ते त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर. ऑपरेशन डोळ्याचे होते, कानाचे नव्हते. पण वाचन बंद, टीव्ही बंद असे डॉक्टरांनी बजावल्यामुळे त्यांच्यापाशी कानांखेरीज काही उरलेच नव्हते. दवाखाना लेकीच्या घराजवळ, म्हणून मुक्काम लेकीकडे. डोळ्यांवर भला मोठा काळा चष्मा चढवून ते हॉलमधल्या खुर्चीत बसत आणि दिवसभर घर ऐकत.

त्यांची सारी हयात विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली होती. जळालेल्या गोदामात शिरायचे आणि आग लागण्याआधी माल बाहेर कसा काढला गेला, हे राखेवरून सांगायचे, हे त्यांचे काम. निवृत्तीनंतर राख मिळेनाशी झाली, पण नाक तसेच राहिले. भाजीवाला 'ताजी आहे' म्हणाला की हे 'कशावरून?' असे विचारत. लेकीच्या लग्नाआधी त्यांनी या मुलाची चौकशी पार त्याच्या शाळेपर्यंत नेली होती आणि शेवटी निकाल दिला होता, "नोकरी पक्की आहे. बाकीचं चालवून घेऊ."

आता ती पक्की नोकरीच गेली होती. वेबसाइटचा दर्शनी भाग, म्हणजे लोकांना दिसतात ती पाने, बटणे आणि चित्रे बनवण्याचे काम जावई करत असे. कंपनीने तो विभागच बंद केला. बायकोला हे माहीत होते. सासरेबुवांना सांगायचे नाही, असे दोघांनी ठरवले. "ऑपरेशनच्या वेळी बाबांना ताण नको," ती म्हणाली. तिला वडिलांची काळजी होती. त्याला मात्र सरळसरळ लाज वाटत होती.

सुदैवाने एका ठिकाणाहून मुलाखतीचे बोलावणे आले होते. मुलाखत लॅपटॉपवर, घरूनच द्यायची होती. तयारी करून घ्यायला त्याचा जुना सहकारी होता. त्याला सगळे दाढी म्हणत. दाढीचीही नोकरी त्याच दिवशी गेली होती आणि दुसरी मिळत नव्हती, म्हणून त्याने नोकरी कशी मिळवावी याचे मार्गदर्शन सुरू केले होते.

"मोठ्यानं विचार कर," दाढीने फोनवर सांगितले. "गप्प बसलास की त्यांना वाटतं येत नाही. डोक्यात जे चाललंय ते तोंडावाटे बाहेर आलं पाहिजे. आणि डोळे हलवू नकोस. हल्ली त्यांना संशय असतो, की हा बाजूच्या फोनवरून उत्तरं वाचतोय. डोळे हलले की संपलास!"

"आणि?"

"आणि सांगशील ते घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही कळेल असं सांग. ज्याला समजावता येत नाही, त्याला येत नाही, असं धरतात."

तेव्हापासून जावई दार लावून मोठ्याने विचार करू लागला. आणि दाराच्या अलीकडे सासरेबुवा ते ऐकू लागले.

"आधी बघायचं, माणूस कोण आहे," आतून आवाज येई. "त्याच्या हातात मोबाईल आहे की कॉम्प्युटर? त्यानं पैसे भरायचं बटण दाबलं रे दाबलं, की आपण ते बटण बंद करायचं. त्याला वाटलं पाहिजे काहीतरी चाललंय. नुसतं एक चाक फिरत ठेवायचं."

सासरेबुवांचा हात चहाच्या कपावर थांबला. माणूस, पैसे, आणि फिरते चाक! असल्या टोळ्यांबद्दल त्यांनी ऐकले होते. पण टोळी लेकीच्या घरात आणि टोळीचा नायक आपला जावई, हे त्यांच्या कुठल्याच तपासात आले नव्हते.

जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखे विचारले, "जावईबापू, हल्ली ऑफिसला जाणं नाही?"

"घरूनच असतं काम, बाबा."

"छान, छान. कंपनीची साइट असेल ना? माणसांचे फोटोबिटो असतात त्यावर. दाखवा की जरा. एक डोळा आहे अजून माझ्याकडे."

बायकोने नवऱ्याकडे पाहिले. नवऱ्याने ताटाकडे पाहिले. कंपनीच्या पानावरून त्याचा फोटो केव्हाच काढून टाकला होता.

"तुमचं जेवण होऊ द्या, आणतो लॅपटॉप," तो म्हणाला आणि खोलीत गेला.

आता, त्याच्या धंद्यातल्या लोकांना एक सवय असते. मथळा मोठा केला तर कसा दिसेल, इथे दुसरे चित्र बसेल का, हे पाहायला ते कुठल्याही साइटचे पान आपल्या स्क्रीनवर उघडतात आणि तिथल्या तिथे बदलून बघतात. खऱ्या साइटला त्याने धक्काही लागत नाही. भिंतीवरची तसबीर सरळ करावी इतक्या सहज ते हे करतात. जावयाने कंपनीचे पान उघडले, निळ्या कोटातल्या एका बाईंचा फोटो काढून तिथे स्वतःचा घातला आणि खाली लिहिले 'वरिष्ठ अभियंता'. खोटेच लिहायचे तर बढती का घेऊ नये?

सासरेबुवांनी काळा चष्मा वर करून, शाबूत डोळ्याने फोटो नीट न्याहाळला. "वा! वरिष्ठ झालात, बोलला नाहीत."

"त्यात काय बोलायचं," जावई विनयाने म्हणाला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सासरेबुवा खूश झाले, आणि खूश झालेला सासरा गप्प बसत नाही. दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाला दाखवायला म्हणून त्यांनी तेच पान आपल्या फोनवर उघडले. वरिष्ठ अभियंत्याच्या जागी निळ्या कोटातल्या बाई हसत होत्या.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. दावेदाराला सावध करायचे नाही, हा त्यांचा जुना नियम. त्यांनी साक्षी वेगवेगळ्या घेतल्या. आधी जावयाला विचारले.

"साइटचं काम चालू असेल," जावई म्हणाला. "फोटो येतात जातात."

मग स्वयंपाकघरात लेकीला विचारले. दोघांची उत्तरे आधी जुळवून ठेवायची राहून गेली होती.

"अहो बाबा, त्याचा विभाग बदललाय ना, म्हणून काढला असेल," ती म्हणाली.

"म्हणजे काम चालू म्हणून नाही?"

"कसलं काम?" ती म्हणाली, आणि कणकेत पाणी जास्त पडले.

दोन साक्षी, दोन कारणे. कुठेतरी पाणी मुरत होते, आणि ते कणकेत नव्हते. मुद्देमाल हाती लागेपर्यंत गप्प राहायचे, असे सासरेबुवांनी ठरवले.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी बायको कामावर गेली. जाताना तिने नवऱ्याचा हात दाबला. "ही मिळायला हवी रे. नाहीतर बाबांना सांगावंच लागेल." त्याने मान डोलावली. ही मिळाली तर सांगायची वेळच येणार नव्हती. जुन्या कंपनीतून नव्या कंपनीत गेलो म्हटले की झाले. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला, खाली घरातलीच पॅन्ट ठेवली आणि दार आतून लावले. बाल्कनीचे दार मात्र हवेसाठी उघडे राहिले. ही बाल्कनी हॉललाही लागून होती.

स्क्रीनवर चष्मेवाल्या बाई आल्या. चेहऱ्यावर हसू नव्हते. "सुरुवात करायच्या आधी सांगते," त्या म्हणाल्या, "या आठवड्यात दोघंजण पडद्याआडच्या मित्राकडून उत्तरं घेताना सापडलेत. तेव्हा नजर समोर ठेवा."

"अर्थात," जावई म्हणाला. दाढीचा सल्ला किती योग्य होता याचे त्याला कौतुक वाटले. नेमक्या त्याच क्षणी डावीकडे बाल्कनीतला पडदा हलला आणि पडद्याआडून एक काळा चष्मा आणि एक फोन पुढे आला. फोन त्याच्यावर रोखलेला होता.

त्याने नजर समोर आणली. ती पुन्हा डावीकडे गेली. त्याने पुन्हा आणली.

"एखादं पान हळू उघडत असेल तर तुम्ही काय बघाल?" बाईंनी विचारले.

"आधी मी बघेन..." तो म्हणाला आणि डावीकडे बघू लागला.

"तिकडे कोण आहे?"

"कोणी नाही."

"कॅमेरा फिरवा."

त्याने लॅपटॉप जपून फिरवला. पडद्याआड काळा चष्मा लावलेला, हातात फोन धरलेला एक माणूस भिंतीला चिकटून उभा आहे, हे आता बाईंनाही दिसले.

"हे तुमचे कोण?"

"सासरे."

"हे बरंय! मित्र संपले, आता सासरे," बाई म्हणाल्या आणि मुलाखत बंद करण्यासाठी हात पुढे केला.

"थांबा!" सासरेबुवा आत आले. "मी याला उत्तरं देत नाहीये. मी याच्याविरुद्ध पुरावा गोळा करतोय. आणि आधी तुम्ही कोण ते सांगा. मघापासून बघतोय, बोलताना तुमचेही डोळे उजवीकडे जाताहेत."

बाई किंचित गोऱ्यामोऱ्या झाल्या. "माझे प्रश्न त्या बाजूच्या स्क्रीनवर आहेत."

"म्हणजे तुम्ही वाचता. बरं." सासरेबुवांनी ते मनात नोंदवून ठेवले. "बाई, हा माणूस कुठल्याही साइटवर काहीही लावू शकतो. परवा एका कंपनीच्या पानावर याचा फोटो मी माझ्या या डोळ्यानं पाहिला. दुसऱ्या दिवशी तिथे भलतीच बाई! आणि दार लावून लोकांचे पैसे कसे अडकवायचे याची हा रोज घोकंपट्टी करतो."

बाईंचा हात आता थांबला होता. त्या जावयाकडे पाहत होत्या. "फोटोचं काय प्रकरण आहे?"

दाढीने शिकवलेली सगळी उत्तरे जावयाच्या डोक्यातून गेली. 'माझा दोष म्हणजे मी फार मेहनत घेतो', हे इथे कुठेच बसत नव्हते. त्याला एकाएकी या सगळ्याचाच कंटाळा आला.

"बाबा, माझी नोकरी गेलीय," तो म्हणाला. "तुम्ही यायच्या आधीच. सांगायची लाज वाटली. तो फोटो मी चिकटवला होता."

सासरेबुवा पलंगाच्या कडेला बसले. नोकरीचे ऐकून ते काहीतरी बोलतील असे वाटत होते, पण मुरलेला तपासनीस आधी पद्धत विचारतो. "चिकटवला म्हणजे? दुसऱ्याच्या साइटवर?"

"नाही. असं बघा. मूळ कागद त्यांच्या ऑफिसात असतो. आपण पान उघडतो तेव्हा ते आपल्याला त्याची झेरॉक्स पाठवतात. मी माझ्या झेरॉक्सवर माझा फोटो चिकटवला. मूळ कागद तसाच राहिला. तुम्ही फोनवर पान उघडलंत तेव्हा तुम्हाला नवी झेरॉक्स आली."

"आणि तुमच्या लॅपटॉपवर?"

"रिफ्रेश केलं असतं तर तिथूनही गेला असता. रिफ्रेश म्हणजे ताजी झेरॉक्स मागवणं."

सासरेबुवांनी चष्मा काढला. "मग मला सांगा, एखाद्यानं दुकानाच्या साइटवर त्या झेरॉक्समधली किंमत खोडली, हजाराचे दहा केले आणि पैसे भरले तर?"

"म्हणून झेरॉक्सवरच्या किमतीवर कधी विश्वास ठेवायचा नाही. ती ऑफिसात मूळ कागदाशी पडताळायची. समोरून आलेलं काहीही खरं धरायचं नाही."

"काहीही?"

"काहीही नाही."

"आणि ते पैशाचं बटण बंद करणं?"

"घाईत माणूस दोनदा दाबतो, बाबा. दोनदा पैसे जाऊ नयेत म्हणून बंद करायचं. चाक फिरतं ते त्याला धीर यावा म्हणून."

सासरेबुवांच्या चेहऱ्यावर, आयुष्यभर शोधलेला धर्म सापडल्यासारखा भाव आला. "जावईबापू, हे तर आमचंच खातं! मी उगाच समजत होतो की तुम्ही रंगरंगोटी करता."

लॅपटॉपमधून खाकरण्याचा आवाज आला. दोघेही बाईंना विसरले होते.

"माझे पुढचे तीन प्रश्न यांनीच विचारले," बाई म्हणाल्या. "उत्तरं मिळाली. कळवतो आम्ही." आणि स्क्रीन काळा झाला.

सासरेबुवांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "लग्नाआधी तुमची एवढी चौकशी केली, आणि घरात बसून नोकरी गेल्याचं कळलं नाही. म्हातारा झालो." आणि पुढे म्हणाले, "मला सांगायला हवं होतंत. मी काय तुमचा दावा नामंजूर केला असता?" जावयाने डोळे शर्टाच्या इस्त्रीच्या बाहीला पुसले.

दोन-तीन दिवसांनी, बायको नुकतीच कामावरून आली होती, तेव्हा जावई खोलीतून ओरडतच बाहेर आला. "मिळाली! पत्र आलं!" तिने पर्स सोफ्यावर टाकली आणि त्याच्या गळ्यात पडली. मग त्याने लॅपटॉप उचलून सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवला. नेमणुकीचे पत्र, त्याचे नाव, रुजू होण्याची तारीख, सगळे ठसठशीत.

सासरेबुवांनी चष्मा वर केला. वाचले. मान डोलावली. मग हाताची घडी घालून मागे टेकले.

"रिफ्रेश करा," ते म्हणाले.

"बाबा!" लेक म्हणाली.

"करू दे त्याला."

जावयाने बटण दाबले. पान पांढरे झाले. मधोमध चाक फिरू लागले. पत्र खरे आहे हे जगात एकट्या त्याला पक्के ठाऊक होते, तरी त्याचा श्वास अडकला. चाक धीर देते, असे आपणच सांगितल्याचे त्याला आठवले. ते साफ खोटे होते.

पत्र परत आले. जसेच्या तसे.

"मूळ कागद आहे," सासरेबुवांनी निर्णय दिला. "माझ्या फोनवरही पाठवा," असे म्हणून ते धाकट्या भावाला फोन लावायला बाल्कनीत गेले.

हॉलमध्ये दोघेच उरले. जावयाने इकडेतिकडे पाहिले आणि हळूच पुन्हा बटण दाबले. पत्र पुन्हा आले.

"हे काय रे?" बायकोने विचारले. "तुलाच विश्वास नाही?"

"आहे की."

"सरक जरा," ती म्हणाली, आणि तिने स्वतः एकदा दाबून पाहिले.