डोंगरसिंग जमादार यांणी पेन्शन पुढे ढकलिली त्याची हकीकत

जन्मास आला त्यास मरण आहे हे सर्वांस ठाऊक. परंतु मरणाचा अदमास करून मगच सही करावी लागते, हे पेन्शनवाल्यांसच ठाऊक. त्या अदमासापायी एका शहाण्यासुरत्या घराची काय दशा जाहाली, ते लिहिणार यथास्थित लिहितो. ऐकणाराने मध्ये हिशेब सांगू नये. हिशेब सांगणारे या हकीकतीत अगोदरच फार आहेत.

यवतमाळ जिल्हा, उमरखेड तालुका, त्यात ढाणकी कसबा. तेथे कापसाचे एक जिनिंग, आणि जिनिंगाचे लोखंडी दरवाज्यावर राजश्री डोंगरसिंग जमादार, राहणार कसब्याबाहेरील तांडा, ऐन ज्वानीपासोन तैनात. मिशी भरदार, शिट्टी पितळी, आवाज ऐसा की ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजविण्यापूर्वी दोनदा विचार करीत. अक्कल मध्यम. पगारातून फंड कापिला जातो आणि मालकांचे वाट्यातून काही रक्कम दरमहा पेन्शनीकडे जाते, येवढे त्यांस मालूम होते. पुढे काय, हे त्यांणी कधी पुसले नाही, व सांगावे ऐसे कोणा भल्या माणसासही वाटले नाही.

ऐसीयास, ऐन हंगामात जमादारांस अठ्ठावन्न वर्षे पुरी जाहाली. मालकांनी फर्माविले, की दरवाजा सोडू नये, चाकरी पूर्ववत करावी. जमादारांची छाती फुगली. मग दुसरेच दिवशी जिनिंगाचे मुनीम घनश्यामजी, ज्यांचे कानामागे पेन आणि जिभेवर तुच्छता सदैव हजर, यांणी दरवाज्यावर येऊन इतल्ला दिली, की पेन्शनीचे वय जाहाले. आता एक तर पेन्शन आजच सुरू करावी, चाकरीचा पगारही घ्यावा, आणि पेन्शनीकडे जाणारा हिस्सा बंद करावा. नाही तर पेन्शन साठीपर्यंत तहकूब करून हिस्सा भरीत राहावे, म्हणजे साठीस सुरू होईल ती जन्मभर वाढीव मिळेल. शनिवारचे आत जबाब द्यावा.

जमादारांनी पुसले, की यात बरे कोणते?

"ते तुमी पाहा," मुनीम बोलिले. "किती वर्सं जगता, त्याच्यावर हाय."

आणि कापसाची गाडी मोजावयास निघोन गेले. माणसास मरणाची याद देऊन चहा प्यावयास जाणे, हा मुनीम लोकांचा जुना दस्तूर.

मग तांड्यावर मसलत बैसली. मसलतीस जमादारांचे मेहुणे रूपसिंग आले. हे यष्टीतील निवृत्त कंडक्टर. स्वतःची पेन्शन सुरू जाहाली तेव्हापासोन जगातील समस्त विषयांत यांचा अधिकार चालतो. पुत्र बादल आले. ते दुसऱ्याची पिकअप चालवितात आणि स्वतःची घ्यावी म्हणोन झुरतात. कन्या पुष्पा यवतमाळास सासरी, त्या फोनातून हजर. जमादारांचे कुटुंब जमनाबाई दिवसभर पराये शेतात कापूस वेचोन आल्या होत्या. त्या चुलीपाशी बैसल्या, आणि त्यांचे मत पुसावे ऐसे कोणाचे मनात आले नाही.

रूपसिंग यांणी मांडी ठोकोन सांगितले, "भाऊजी, आत्ताच घेऊन टाका. तुमचे वडील एकोणसाठीतच गेल्ते. तुमचा काय भरवसा?"

बादल बोलिले, "मामा बराबर सांगून राह्यला, बा. गाडीचा हप्ता तरी सुटीन."

फोनातून पुष्पा कडाडल्या, "घाई करू नका! बीपी हाय त्याईले, पन गोळ्या घेतल्या तं पंच्याहत्तर गाठतीन."

"पंच्याहत्तर?" रूपसिंग हसले. "सत्तरच्या वर मी नाई जात."

"मामा, बहात्तर तं धरा!"

ऐसी बोली लागली. कापसाचे लिलावात व्यापारी गाठोड्यात हात घालून धागा ओढोन पाहतात, तैसे दमा, बिडी, बाप, आजा, गतसाली आलेली चक्कर, सर्व ओढोन पाहिले. माल मध्ये बैसोन ऐकत होता. मालास भूक लागली होती. मालाने भाकरी अर्धी टाकिली आणि हात धुतले. कोणी पुसले नाही.

मग जमादारांनी उमरखेडावर मोहीम काढिली. तेथे एक सल्लागार, दुकानावर पाटी जिनिंगाचे दरवाज्याहून मोठी. त्याणे संगणकात काही टिपटिप केले आणि विचारिले, की बिडी ओढता काय? ओढतो. वडील केव्हा गेले? सांगितले. तेव्हा पडद्यावर रांगोळीसारख्या रेघा काढोन तो बोलिला, "ह्या रेघेच्या पुढे जगले तं फायदा. आधी गेले तं तोटा. बाकी मर्जी तुमची." आणि इतके ज्ञान दिल्याबद्दल फी घेतली.

परतीचे बसमध्ये जमादारांनी आपुली नाडी आपण धरिली. ती चालत होती. परंतु किती दिवस चालणार, हे तिने सांगितले नाही. दुसरे दिवशी दरवाज्यावर एक ट्रक पावतीवाचोन आत शिरला, तरी शिट्टी वाजली नाही. चोरास डरले नाहीत, वाघाची वदंता उठली तेव्हा एकले पहारा केला, ऐसे जमादार एका रेघेस भ्याले. ढाणकीत हसणारे हसले. हसणाऱ्यांपैकी कोणासही स्वतःची रेघ कोणी दाखविली नव्हती.

शुक्रवारी सायंकाळी मसलत पुन्हा बैसली. रूपसिंग आता एकोणसत्तरावर उतरले होते. जमनाबाई शेतातून आल्या, बोंडांनी फाटलेली बोटे पाण्यात बुडविली, आणि उभ्याउभ्याच बोलिल्या:

"झालं का तुमचं? सोमवारपासून माह्या घरात ह्या माणसाले मारून राह्यले तुमी."

रूपसिंग म्हणाले, "बाई, हिशोब हाय तो."

"हिशोब हाय ना? मंग सांग, हे गेल्यावर पेन्शन कोनाले भेटते?"

"तुले. अर्धी."

"मंग मी किती जगणार, हे कोनी इचारलं?"

एवढे मोठे खलबत, सल्लागार, संगणक, रेघा, आणि येवढी एक बाब कोणाचेही ध्यानी नव्हती, कारण ती चुलीपाशी बैसली होती.

"माही याडी, माही म्हातारी माय, अजून तांड्यात काठी टेकत फिरते," जमनाबाई बोलिल्या. "मी तिच्याहून काटक हाय. लहानपणापासून येचून राह्यली. मले कोनी म्हटलं का, जमना, अठ्ठावन्न झाले, आता बस? मले ना फंड, ना पेन्शन. ह्याईच्या मागं मले तेवढंच अर्धं. ते अर्धं मले मोठं पाह्यजे. भरा दोन वर्सं."

"याडी, माही गाडी?" बादल पुटपुटले.

"तुह्ये हातपाय धड हायेत. दुसऱ्याची चालवते तशीच चालव अजून."

मग त्या जमादारांकडे वळल्या, आणि आवाज खाली आला. "आन् तुमी कायले नाडी धरून बसता? मले का तुमच्या मरणाची घाई हाय? दोन वर्सं दरवाज्यावर उभे राहा. मंग घरी बसा माह्यासंग."

जमादारांनी नाडी सोडिली. भाकरी मागितली. ती खाऊन दुसरी मागितली. रूपसिंग यांणी चप्पल घातली आणि आपुले पेन्शनसह स्वगृही कूच केले. कोणता मार्ग हिशेबाने खरा, हे लिहिणारास ठाऊक नाही. परंतु ज्यांस ठाऊक होते, त्यांचे शहाणपण त्या सायंकाळी चुलीत घालावयाचे लायकीचे होते, हे ठाऊक आहे.

शनिवारी जमादार इस्त्रीचा गणवेश चढवोन मुनिमाचे कचेरीत दाखल जाहाले. जाहीर केले, की पेन्शन साठीपर्यंत तहकूब, हिस्सा चालू. घनश्यामजींनी अर्ज पुढे सरकाविला आणि सही कोठे करावी ते बोटाने दाखविले.

"वाचा आधी," जमादार म्हणाले.

"काहून? सगळे अशीच सही करते."

"मी ऐकून राह्यलो. वाचा."

बाहेर गाड्यांची रांग लागली, ड्रायव्हर बोंबलू लागले, मालकांचा फोन आला; तथापि जमादार खुर्चीत अढळ. लाचार होऊन मुनिमांनी अर्ज पहिल्या ओळीपासोन अखेरपर्यंत मोठ्याने वाचिला. वाचता वाचता त्यांसच तीन ठिकाणी अर्थ लागेना, तेव्हा कानामागचे पेन काढोन डोके खाजविले. जमादारांनी एकेक शब्द उलगडोन घेतला, मग सही केली, सहीची पोच घेतली, आणि दरवाज्यावर येऊन शिट्टी ऐसी फुंकिली की पहिला ट्रक चार हात मागे हटला.

येणेप्रमाणे पेन्शनीची मोहीम फत्ते जाहाली. गनीम एक मुनीम, एक सल्लागार व एक कंडक्टर, ऐसे तिघे नामोहरम. आपुले पक्षी जाया कोणी नाही, बादल यांची पिकअप वगळता.

दाखला आणखी येणेप्रमाणे. रविवारी झुंजुरका वेचणाऱ्या बायांची मुकादमीण लालीबाई दाराशी येऊन हाका मारू लागली, की शेत लांब आहे, ऊन चढेल, निघा. जमनाबाई गोधडीतून उठल्या नाहीत. जमादार चुलीपाशी चहाचे आधण ठेवीत होते. आतूनच जबाब गेला:

"आज नाई येत मी, लालीबाई. मले लय दिवस जगायचं हाय."

हा विजय दप्तरी नमूद केला असे.