वीस ते ऐंशीच्या मधला माणूस

लॅपटॉप कसा वापरावा हे आमच्या ऑफिसात फक्त एका माणसाला कळतं, आणि तो माणूस मी आहे! यात गर्व वगैरे काही नाही. चार वर्षं झाली माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपला, आणि बॅटरीची तब्येत अजून शहाण्णव टक्के! बाकीच्यांचे लॅपटॉप चार्जरची वायर निघाली की दहा मिनिटांत मान टाकतात. कारण एकच, अडाणीपणा!

माझा नियम सोपा आहे. वीसच्या खाली जाऊ द्यायचं नाही, ऐंशीच्या वर चढू द्यायचं नाही. हे मी ऑफिसात रोज कुणाला ना कुणाला तरी ऐकवतो. घरीही ऐकवतो. बायकोचा मोबाइल ऐंशीला पोहोचला की मी उठून वायर काढतो.

"अहो, मला बाहेर जायचंय! भरू द्या की पूर्ण!" ती ओरडते.

अज्ञानी माणसांशी मी वाद घालत नाही. वायर गुंडाळून कपाटात ठेवतो.

ऑफिसातल्या अडाण्यांचे महामेरू म्हणजे आमचे चार्जरकाका. हे नाव मीच ठेवलंय. यांचा लॅपटॉप सकाळी नऊला डॉकला जोडला जातो तो संध्याकाळी सहालाच सुटतो. डॉक म्हणजे टेबलावरची ती चपटी डबी. तिची एक वायर लॅपटॉपला लावली की मोठा स्क्रीन, कीबोर्ड, चार्जिंग, सगळं एकदम जोडलं जातं. काका या डबीवर चहाचा कप ठेवतात! "गरम राहतो हो," म्हणतात.

आणि विभागप्रमुखाच्या जागेसाठी माझ्याविरुद्ध उभं कोण? हेच! दोघांनी बड्या साहेबांसमोर विभागाची पुढच्या वर्षाची योजना मांडायची आणि साहेबांनी एकाला निवडायचं. काका अकराला, मी तीनला. निकाल काय लागणार हे मी बायकोला सकाळीच सांगून टाकलं.

"आज संध्याकाळी विभागप्रमुखाच्या बायकोसारखं दार उघड."

"म्हणजे कसं?"

"सावकाश!"

साडेआठलाच मी मीटिंग रूममध्ये जाऊन रंगीत तालीम केली. लॅपटॉप तिथल्या डॉकला लावला. माझा खास बिनवायरचा कीबोर्ड बरोबर नेला होता, त्याची अक्षरं पकडणारा नखाएवढा रिसीव्हर डॉकच्या मागच्या बाजूला खोचला. तालीम इतकी झकास झाली की मलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मग लॅपटॉप काखेत, कीबोर्ड हातात, आणि मी माझ्या जागेवर परत. माझं टेबल मीटिंग रूमला लागूनच आहे, मध्ये फक्त प्लायवूडची भिंत.

अकराला बडे साहेब आणि इतर अधिकारी यांच्या पाठोपाठ काका आत गेले. हातात लॅपटॉप आणि चार्जर! डॉक असलेल्या खोलीत चार्जर! मला हसूच आलं. ना स्लाइड, ना तक्ता. साधी टाइप केलेली फाइल मोठ्या स्क्रीनवर उघडून हे गृहस्थ वाचून दाखवणार होते.

मी माझ्या योजनेवर शेवटचा हात फिरवायला बसलो, तर कीबोर्ड चालेना! एक अक्षर उमटेना. माझ्या हातातली बॅटरी संपणं शक्यच नाही, तरी सेल बदलला. काही नाही! खुर्चीवर चढून भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला आणि तो घातला. तरी काही नाही! घड्याळ मात्र अकरा वाजून दहा मिनिटांवर बंद पडलं. मग चाचणी म्हणून मी माझं नेहमीचं वाक्य टाइप केलं: "वीसच्या खाली नाही, ऐंशीच्या वर नाही." स्क्रीन ढिम्म.

भिंतीपलीकडून हशा आला.

काकांच्या योजनेला हसताहेत! मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! उमटत काहीच नव्हतं, तेव्हा निदान मन तरी मोकळं करावं म्हणून मी कीबोर्ड दणादण बडवायला घेतला. "हसा, हसा! या माणसाला डॉक आणि चहाची बशी यातला फरक कळत नाही!"

पलीकडे आणखी मोठा हशा.

"आणि बडे साहेब त्यांच्या वरताण! परवा लॅपटॉप बिघडला म्हणून कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं, तर बटणच दाबलेलं नव्हतं!"

पलीकडे एकदम शांतता.

"झोपले वाटतं सगळे! साहेब तर डोळे उघडे ठेवून झोपण्यात पटाईत आहेत!"

कुणीतरी जोरात खोकलं.

"काकांच्या योजनेची धूळ घशात गेली असणार! तीन वाजता या, मग दाखवतो योजना म्हणजे काय! आणि एकदा प्रमुख झालो की काकांची रवानगी तळमजल्यावर, प्लगच्या शेजारी!"

मीटिंग रूमचं दार उघडलं. पुढे बडे साहेब, मागे काका. साहेबांनी माझ्यासमोर तळहात धरला. त्यावर नखाएवढी काळी वस्तू.

"हा तुमचा का?"

"हो! अहो, कुठे सापडला? मी कधीपासून..." आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रिसीव्हर सकाळपासून त्या डॉकमध्येच होता. त्या डॉकला काकांचा लॅपटॉप जोडलेला होता. काकांची फाइल मराठीत, माझा राग मराठीत, त्यामुळे एक अक्षरही वाया गेलं नव्हतं. सगळं भिंतीएवढ्या स्क्रीनवर!

"साहेब, ते... दुसऱ्याच कुणीतरी..."

"पहिलंच वाक्य वीस आणि ऐंशीचं होतं," साहेब म्हणाले. "या इमारतीत ते आणखी कोण म्हणतं?"

"मी तेव्हाच शोधून काढणार होतो हो," काका ओशाळून म्हणाले. "पण साहेब म्हणाले, राहू द्या, वाचू या."

मी विचारलं, "मग तीन वाजताचं माझं..."

"त्याची आता गरज नाही," साहेब म्हणाले. "आम्ही पाहिलं."

चार वाजता काकांच्या नावाचं पत्र निघालं. विभागप्रमुख म्हणून त्यांनी मला दिलेला पहिला हुकूम असा: घड्याळाचा सेल परत घाला. मी सगळ्यांच्या देखत खुर्चीवर चढलो.

संध्याकाळी बायकोने दार उघडलं. सावकाश! शिकवलं होतं तसंच. मी तिथेच उभ्या उभ्या तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, खोकल्याचंही सांगितलं. मला वाटलं, चिडेल, निदान हसेल.

"अहो, साऱ्या जगाला ऐंशीवर थांबवता," ती म्हणाली, "तुम्हाला कुणी थांबवायचं?"

आत तिचा मोबाइल चार्जरला लावलेला होता. शंभर टक्के! मी वायरीला हात लावला नाही.