सात वर्षांचा पाला

सोनाराच्या तराजूत सागाची वाळलेली पानं तोलणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय, आणि तोही दर पंधरा दिवसांनी, सलग तीन वर्षं, माझ्याच ओसरीसमोर. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात कुजकी पानं, आणि पुढ्यात श्वास रोखून उकिडवा बसलेला खाकी हाफपँटीतला उंचनिंच माणूस. वाऱ्याची झुळूक आली की पारडं हलायचं. मग हा वाऱ्याकडे असा बघायचा, जसा काही तो परवान्याशिवाय जंगलात शिरलाय.

हे आमचे इंगोले नाकेदार. नाकेदार म्हणजे जंगलाचा रखवालदार. तेव्हा वाशीम जिल्हा व्हायचा होता, आम्ही अकोल्यातच मोडायचो. मानोऱ्याकडचं आमचं गाव जंगलाला पाठ टेकून बसलेलं. चार वर्गांची शाळा, जंगलखात्याचा नाका, त्याला लागून दोन खोल्या. एकीत इंगोलेभाऊ, दुसरीत मी. मी शाळेची बाई, मूळची रिसोडची, जिभेनं तिखट, आणि माझ्या हातात कायम झाडू. कचरा दिसला की माझ्या डोक्यात सणक जाते. आणि शेजारी कोण मिळालं, तर कचऱ्याची पूजा करणारा माणूस! नशीब म्हणतात ते हेच.

त्यांना हा नाद लावला एका चष्मेवाल्या साहेबानं. मी त्या गावात जायच्या आधी ते कुठून तरी जंगलाची माती तपासायला आले, चार दिवस नाक्यावर राहिले. वाळकी पानं तोलायची, जाळीच्या थैलीत भरायची, झाडाखाली ठेवायची, पंधरा दिवसांनी एकेक थैली काढून पुन्हा तोलायची. जेवढं वजन घटलं तेवढं पान मातीनं खाल्लं. एवढं शिकवून, आकडे पत्रानं कळवत राहा म्हणून सांगून साहेब निघून गेले, आणि नाद मागे राहिला. थैल्यांसाठी इंगोलेभाऊंनी स्वतःची मच्छरदाणी कापली आणि पुढचा पावसाळा हिवतापानं कुडकुडत काढला. कोणी हसलं तर म्हणायचे, "मच्छर मले खाते, माती पानाले खाते. ज्याचं त्याले पोट हाय."

तोलायच्या आधी पानं खडखडीत वाळवावी लागत. त्यासाठी त्यांना ऊन हवं, आणि ऊन होतं माझ्या कुरडयांच्या खाटेवर. एकदा शाळेतून येऊन बघते तर कुरडयांच्या शेजारी अर्धवट कुजलेली पानं पंगतीला बसलेली. मी तोंड सोडलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उलट मलाच सुनावलं, की बाई, तुमच्या कुरडयांची ओल माझ्या पानांना लागली तर पंधरा दिवसांची मेहनत पाण्यात जाईल.

त्यांचं एक पालुपद होतं. जंगलात त्यांच्यासोबत चालताना तुम्ही जरा जोरात पाय आपटला की बोट ओठावर. "हळू. मातीचं जेवन चालू हाय." सरपंचालाही हेच, सरपंचाच्या बैलालाही हेच.

माती श्वास घेते हे गावाला दाखवायची त्यांना एकदा हुक्की आली. नाक्यापुढच्या झाडाखाली एका वाटीत चुन्याची निवळी ठेवली, तिच्यावर घमेलं पालथं घातलं, कडेनं माती लिंपली. दुसऱ्या दिवशी निवळीवर पांढरी साय धरणार होती. मातीचा उच्छ्वास लागला की तशी ती धरते. पण दुसरा दिवस उजाडायच्या आधीच सरपंचाच्या आईनं ते उचकटून पाहिलं. पालथं घमेलं, आत चुना, शेजारी जाळीच्या पुरचुंड्या, पुरचुंड्यांना खुणेचे लाल दोरे! म्हातारीनं गाव डोक्यावर घेतलं. करणी, करणी! तिची म्हैस तीन दिवसांपासून लाथा झाडत होती, त्याचा उलगडा तिथल्या तिथे झाला. चौघं काठ्या घेऊन नाक्यावर आले. इंगोलेभाऊंनी काठ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वाटी उचलून त्यांच्या नाकाशी धरली, "पाहा, साय धरली!" म्हणाले आणि अर्धा तास माती कशी श्वास टाकते ते समजावत बसले. काठ्यावाले कंटाळून एकेक करून पांगले. पुढं म्हातारी त्यांना पाहून पदरानं तोंड झाकायची, आणि म्हैस ती लाथा झाडायचीच.

लोक त्यांना भीत नव्हते, त्यांच्या बोलण्याला भीत होते. एस.टी.त ते चढले की मागची बाकं आधी भरायची. "शेताले शेनखत लागते. जंगलाले कोन गाडी नेऊन टाकते?" हा सवाल टाकून ते उत्तरही स्वतःच सुरू करायचे, आणि ते उत्तर मानोरा आलं तरी संपायचं नाही. मी तर त्यांचा तराजू बाहेर निघाला की चुलीवरचं दूध उतू चाललंय म्हणून आत पळायची. तीन वर्षांत त्या चुलीवर किती दूध उतू गेलं असेल, देव जाणे. दूध मी घेतच नव्हते.

नाक्यामागे त्यांचा दोन गुंठ्यांचा तुकडा होता. चारी बाजूंनी दगड मांडलेले. आत गुरांनी शिरायचं नाही, मोहफुलं वेचणाऱ्यांनी जाळ करायचा नाही. का, तेही ते सांगायचे, पण तोवर माझं दूध उतू गेलेलं असायचं. मला एवढंच दिसायचं की आत घोटाभर पाला साचलाय आणि या माणसाला तो काढायला सवड नाही.

माझ्या तिसऱ्या वर्षी नाक्यामागच्या सगळ्या पट्ट्याची तोड ठरली. त्यात तो तुकडाही जाणार. इंगोलेभाऊंचं जेवणावरचं लक्ष उडालं. त्यांनी वर अर्ज केला, की एवढे दोन गुंठे सोडा, आणि का सोडायचे ते मोठ्या साहेबांनी स्वतः येऊन बघावं. आश्चर्य म्हणजे मार्चमध्ये साहेब येणार असा निरोप आला. त्या दिवशी ते माझ्या दाराशी आले. पहिल्यांदाच त्यांच्या हातात तराजू नव्हता. म्हणाले, "बाई, साहेबाचा हात फक्त एकडाव त्या खालच्या मातीत गेला पायजे. मंग तो तोडूच शकत नाही."

मला खरंच कळवळा आला. आणि मी मनाशी हिशोब मांडला: साहेबांना खालची माती दाखवायची आहे, माती पाल्याखाली झाकलेली आहे, तर आधी काय करायला पाहिजे?

साहेब येण्याच्या आदल्या दिवशी इंगोलेभाऊ गणवेश इस्त्री करून आणायला मानोऱ्याला गेले. थैल्या त्यांनी आधीच खोलीत आणून रांगेनं मांडल्या होत्या. मी शाळेला श्रमदान जाहीर केलं. चाळीस पोरं, चाळीस खराटे. पदर खोचून मी पुढे. अशी ग्रामसफाई त्या जंगलानं जन्मात पाहिली नसेल. तुकडा लख्ख झाडला, पाल्याचे सहा ढीग केले, तिथेच पेटवून दिले, दगडांना चुना मारला. पोरींनी तर मधोमध रांगोळी काढली. संध्याकाळच्या गाडीनं इंगोलेभाऊ आले, तेव्हा मी कमरेवर हात ठेवून शाबासकीची वाट बघत उभी होते.

ते दगडांच्या बाहेर थांबले. इस्त्रीचे कपडे तसेच आडव्या हातावर. त्यांनी मला एकच विचारलं.

"पोट्ट्यायचे हात तं नाही पोयले?"

नाही म्हटलं, एकालाही भाजलं नाही. ते आत गेले, खाली बसले, हात जमिनीला लावला. मग मला सांगू लागले, आणि त्या दिवशी मी पळाले नाही. वर यंदाचं पान, त्याखाली मागच्या सालचं, त्याखाली नुसत्या शिरा, त्याखाली काळी भुसभुशीत, हातानं उकरता येईल अशी माती. उधई, गांडुळं, बुरशीचे पांढरे धागे, सगळं पुन्हा झाडाच्या मुळाशी पोचवणारे. सात वर्षांत बोटभर तयार झाली होती. पान सावकाश कुजलं तर मातीत उतरतं, जाळलं तर धुरातून निघून जातं. मातीसुद्धा भाजून विटेसारखी झाली होती. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी तरी भांडले असते.

मला रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी जीप आली. मोठे साहेब उतरले आणि बघून खूश. म्हणाले, जंगल आहे की अंगण! कोणी केलं विचारलं. इंगोलेभाऊंनी माझ्याकडे हात केला. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटावी तसं कौतुक केलं, स्वतःच्या गळ्यातला हार काढून एका पोरीच्या गळ्यात घातला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं होतं. मग साहेबांना आठवलं.

"इंगोले, या जागेसाठी अर्ज तुमचाच ना? काय दाखवायचं होतं?"

एक वाक्य बोलायचा अवकाश होता, की साहेब, काल इथं सात वर्षांचा पाला होता आणि या बाईनं जाळला. ते खरंच होतं, आणि दोन गुंठे वाचवायचा तोच एक मार्ग उरला होता. इंगोलेभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. धुतलेले कपडे घालून, तेल लावून, रांगेत उभ्या असलेल्या पोरांकडे पाहिलं.

"काही नाही साहेब," ते म्हणाले. "पोट्ट्यायनं लय मेहनत घेतली."

माझ्या तोंडून शब्द फुटायला हवा होता. फुटला नाही. गावाला उठताबसता सुनावणारी मी, त्या घटकेला मुकी झाले. जीप धुरळा उडवत गेली.

दुपारी शाळा सोडून मी नाक्यामागे गेले. ते राखेत बसले होते. मी माफी मागितली. ते म्हणाले, तुमी चांगल्यासाठीच केलं बाई. मग मीच चिडले. म्हटलं, सात वर्षं तुम्ही त्या चष्मेवाल्या साहेबांसाठी पानं तोलता, त्यांचं एक तरी उत्तर आलं का? मग कशासाठी हा जीव काढला?

"त्यायची कवाच बदली झाली," ते म्हणाले. "दुसऱ्याच वर्सी पत्र वापस आलं."

मग ते हळूहळू बोलले. ते चष्मेवाले साहेब इथेच, याच झाडाखाली त्यांच्याशेजारी मातीत बसले होते. त्यांच्या तांब्यातलं पाणी प्याले होते. एक पान हातात घेऊन म्हणाले होते, की इंगोले, हे पान पडलं की कुठं जातं? तुम्हाला काय वाटतं?

"मले लोकायनं आजवर सांगतलं, बाई. इकडं जा, तिकडं उभा राय, हे उचल. जल्मात मले असं कोनी इचारलंच नव्हतं, तुले काय वाटते म्हून. त्या दिवशी मले उत्तर देता आलं नाही. त्याच्यापायी तोलत होतो."

मी इस्त्रीचं लुगडं नेसले होते. तशीच खाली राखेत बसले, अगदी त्यांच्याशेजारी. हातात घ्यायला पान नव्हतं, एकही उरलं नव्हतं.

"इंगोलेभाऊ," मी विचारलं, "आता तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी आधी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी उभं आहे की काय म्हणून. मग माझ्याकडे पाहिलं. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, घसा खाकरला, आणि बोलू लागले. मला घरी जायला दिवेलागण झाली.