हवेला बाहेर जाण्याची परवानगी

शुष्क प्रदेश वनस्पती संस्थेच्या एकुलत्या एका गाडीचं कूलंट मे महिन्यात रीतसर बदलण्यात आलं आणि त्या रीतसरपणात थोडी हवा आत राहून गेली. दुसऱ्याच दिवशी शहरातल्या सी-स्कीम भागातल्या सिग्नलवर तापमानाचा काटा लाल पट्टीत जाऊन बसला. ड्रायव्हर राघवनं गाडी बाजूला घेतली. मागच्या सीटवर लेखा विभागाच्या साधनाजी होत्या, प्लास्टरमधला पाय आडवा टाकून. पाय मोडल्यापासून त्यांना सोडाल्यातल्या घरून आणणं-नेणं याच गाडीकडे होतं. भर उन्हात त्यांना ऑटोत चढवताना राघवच्या आणि ऑटोवाल्याच्या नाकी नऊ आले.

डॉ. मुकुंद साठ्ये हे संस्थेतले निवडुंगतज्ज्ञ. आपली जुनी गाडी आपण स्वतःच दुरुस्त करतो, असं ते एकदा चहाच्या वेळी बोलून गेले होते. त्या अपराधाबद्दल त्यांना वाहन प्रभारी नेमण्यात आलं होतं. त्यांनी बॉनेट उघडून पाहिलं आणि प्रशासकीय अधिकारी शेखावत यांना गाठलं.

"आत हवा अडकलीय. इंजिन गार असताना गाडीचं तोंड चढावर करायचं, रेडिएटरचं झाकण काढायचं, मग हीटर पूर्ण सोडून इंजिन चालू ठेवायचं. बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट ओतत राहायचं. थोड्या वेळाचं काम आहे."

शेखावतजींनी डोळे मिटले. नियम आठवताना ते नेहमीच मिटत. "डॉक्टरसाहब, उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायला बंदी आहे. होळी ते दिवाळी हीटर लावायलाही बंदी आहे. आणि आवारात चढ एकच, व्हीलचेअरचा. त्यावर गाडी चढवणं म्हणजे दिव्यांगांवर अन्याय."

"पण साधनाजींचे हाल होतायत हो."

"त्यांच्याबद्दल सर्वांना सहानुभूती आहे. तसा ठराव झालाय."

मग वायू निष्कासन समिती स्थापन झाली. हवा नेमकी कोणाची, हा पहिला प्रश्न. गॅरेजची असेल तर ती गॅरेजला परत करावी लागेल. संस्थेची असेल तर ती संस्थेची मालमत्ता, आणि निर्लेखन करून नोंदवहीतून वजा केल्याशिवाय ती मोकळ्यावर सोडता येणार नाही. एका सदस्यानं शंका काढली की काही हवा मुळापासूनच आत असावी. तिची सेवाज्येष्ठता डावलून तिला काढलं तर कोर्टात टिकणार नाही. शेवटी हवेचा नमुना तपासायचं ठरलं. नमुन्यासाठी हवा बाहेर काढावी लागणार होती, आणि त्यासाठी समितीची परवानगी लागणार होती.

इकडे साधनाजी रोज कुबड्या सावरत, घामानं निथळत ऑटोतून उतरायच्या आणि मुकुंदांच्या खिडकीकडे बघायच्या. मुकुंदांनी खिडकीला पडदा लावून घेतला.

"अहो, आत शिरताना त्या हवेनं परवानगी घेतली होती का?" रात्री घरी मुकुंदांच्या पत्नी शालनताईंनी पानात भात वाढता वाढता विचारलं. "मग बाहेर यायलाच कशाला लागते?"

"हेच मी समितीत विचारलं."

"मग?"

"त्यासाठी उपसमिती नेमलीय."

शनिवारी सुट्टी होती. मुकुंदांना राहवेना. राघवला घेऊन त्यांनी गाडी व्हीलचेअरच्या चढावर चढवली, झाकण काढलं, इंजिन सुरू केलं, हीटर पूर्ण सोडला. राघव कूलंट ओतत राहिला. रेडिएटर आधी घळघळला, मग भुडभुडला, मग शहाण्यासारखा गप्प झाला. आत बसलेल्या मुकुंदांच्या तोंडावर हवा गेल्याची खूण म्हणून हीटरचा खरा झोत आला, बाहेरच्या लूच्या झळांपेक्षाही कडक. घामाघूम झालेल्या त्या माणसाला जन्मात पहिल्यांदा हीटरमुळे गार वाटलं.

सोमवारी साधनाजी गाडीतून आल्या. "सर, गाडी एकदम मक्खन!" त्या म्हणाल्या. मुकुंदांनी पडदा काढून टाकला.

दुपारी तक्रार आली. समितीच्या विचाराधीन असलेली हवा परस्पर सोडून डॉ. साठ्ये यांनी समितीला निराधार केलं होतं. खाली साऱ्या कर्मचाऱ्यांच्या सह्या होत्या. पहिली सही साधनाजींची.

मुकुंद त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. "साधनाजी, तुम्हीसुद्धा?"

"तुम्ही केलंत ते फार चांगलं केलंत, सर. देव तुमचं भलं करो," साधनाजी मनापासून म्हणाल्या. "पण सगळेच सही करत होते ना. मी एकटीच कशी नाही म्हणणार?" आणि घरी जायला गाडी वेळेवर लावायची आठवणही त्यांनी करून दिली.

मुकुंदांना जेवण गेलं नाही. माणसं अशी कशी असतात, याचा विचार करत ते बसून राहिले. तेवढ्यात शिपाई पवन दुसरा कागद घेऊन आला. उन्हाळाभर बंद पडलेला पाण्याचा कूलर इलेक्ट्रिशियननं न विचारता दुरुस्त केला होता. त्याच्याविरुद्ध तक्रार होती.

"बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या, साहेब. तुमचीच राहिलीय."

मुकुंदांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. त्यांचा घसा कोरडा पडला. ते उठून त्या कूलरचं गारेगार पाणी पिऊन आले, आणि त्यांनी सही केली.

त्यांच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर अर्थातच केली नसती.