सुभेदारांचं वाळवणीचं कपाट

कपडा वाळला असं कुणी सांगितलेलं सुभेदार तात्यांना चालत नसे. ते तो कपडा हातात घेत, वरच्या ओठाला लावत, डोळे मिटत आणि मग निकाल देत. बोटांवर त्यांचा विश्वास नव्हता. बोटं गार असली की सगळंच ओलं लागतं, गरम असली की सगळंच कोरडं. ओठ तेवढा खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. एकदा भर बाजारात त्यांनी माझ्या अंगातल्या सदऱ्याची कॉलर ओठाला लावली आणि म्हणाले, "मास्तर, दमट हाय. घरी जावा परत."

मी गेलो नाही, शाळा भरत आली होती. पण दिवसभर मला तो सदरा दमटच लागला.

ही गोष्ट पाटणची, बाहत्तर सालच्या दुष्काळानंतरची. मी तिथल्या हायस्कुलात नवाच मास्तर होतो. आमच्या घराण्यात अंगठ्याऐवजी सही करणारा मी पहिला, तेव्हा बी. ए. अर्थातच पहिला. हे मी मिरवायला सांगतो असं कुणी म्हणालं, तर व्हय, मिरवायलाच सांगतो. बिनलग्नाच्या माणसाला घरातली खोली भाड्यानं द्यायची नाही हा सुभेदारांचा नियम त्या पदवीनंच मोडला. तोही सहजी नाही. "बी. ए. हाय असं कोन म्हनतं?" त्यांनी विचारलं. मी सर्टिफिकेट आणून दिलं. त्यांनी ते उजेडाला धरलं, शिक्क्यावरून नख फिरवलं आणि मग किल्ली दिली.

"कोन म्हनतं?" हा त्यांचा श्वास होता. पाऊस उघडला म्हटलं की कोन म्हनतं. जेवण झालंय म्हटलं की कोन म्हनतं. पलटणीत अर्धं आयुष्य पहाऱ्यात गेलं होतं. पेन्शन घेऊन घरी आले तरी पहारा उतरला नव्हता.

घर मोठं, सोळा माणसांचं. थोरले दोघे मुलगे उसाच्या मागं, धाकटा सरहद्दीवर, मुलगी सासरी. पाटणच्या पावसात या सोळा माणसांचे कपडे वाळवायचे म्हणजे एक मोहीमच. परड्यातल्या दोरीवर कपडे घालावेत तर चार दिवसांनी त्यांना बुरशी. म्हणून पडवीत शेगडी, शेगडीवर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं, आणि डालग्यावर लहान पोरांची लंगुटी नि झबली. या डालग्याजवळ तात्या सकाळपासून बसलेले असत. बायकांना हात लावू देत नसत, त्या जाळतील म्हणून. जाळत तेच. माझ्या वर्गात त्यांची दोन नातवंडं होती. धुराच्या वासावरून आणि चड्डीच्या भोकावरून मी त्यांना पाठमोरंही ओळखत असे.

धाकटी सून सुमन सांगलीची. पहिल्या खेपेला रीतीप्रमाणं माहेरी गेली होती. दुसरं बाळंतपण सासरी व्हायचं, आणि दिवस भरत होते ते नेमके आषाढात. एका सकाळी ती पदर सावरून तात्यांपुढं उभी राहिली. मामंजी, माझ्या बाळाला धुराटलेली, अर्धी ओली कापडं मी घालणार नाही. सुकवायची धड सोय झाली तर राहीन, नाहीतर सांगलीला जाते, तिथं दोन तासांत दोरीवर वाळतात, दिवाळीनंतर बाळ घेऊन येईन, असं तिनं सरळ सांगितलं.

"जाऊ द्या की. कोन अडवतंय?" तात्या म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी एक झबलं आख्खं जाळलं.

काकी, म्हणजे तात्यांच्या मंडळी, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मास्तर, सुमनच्या पयल्या पोरीला ह्येंनी बघितलं तवा ती बसाय लागली हुती. आठ दिस कुनाशी बोलले न्हाईत. तुमी कायतरी करा बाबा."

मी शिकलेला माणूस. मला वाटलं, दोन दिवसांत करतो. साताऱ्याला एक अधिकारी बदली होऊन जात होते. त्यांच्याकडं कपडे गरगर फिरवून पाणी काढणारं विलायती पिंप विकायला होतं. तिथं नेल्यावर तात्यांनी आत डोकं घालून पाहिलं. हे पिळतं, वाळवत न्हाई, असा शेरा दिला. शिवाय चांगलं असतं तर साहेबानं टाकून दिलं असतं का? मी म्हटलं, बदली झालीय त्यांची. "कोन म्हनतं?" साहेबाची बदली खरी का खोटी हे विचारायला ते शेजारच्या बंगल्यात निघाले होते. मी त्यांना हाताला धरून स्टँडवर आणलं.

मग सांगलीच्या एका कारखानदाराचं पत्रक मिळालं. दवाखान्यांसाठी तो कपडे वाळवायची पत्र्याची कपाटं करायचा. तळाला तापणारी तार, मागं पंखा, आत दांड्या. तात्यांनी पत्रक माझ्या हातात दिलं.

"वाचू का?" मी विचारलं.

"वाचायला मला येतंय. तुमी बी. ए. हाय. ह्यात खोटं कुठं हाय, तेवढं दावा."

खोटं सापडलं नाही, म्हणून त्यांचा संशय जास्तच वाढला. शेवटी सांगलीला त्याच्या दुकानात जाऊन स्वतःच परीक्षा घ्यायची ठरली. दुकानातलं फडकं आधीच वाळवून ठेवलेलं असणार, तेव्हा आपलं ओलं आपण न्यायचं. त्यांनी घरची गोधडी भिजवली, तिच्या कोपऱ्याला ओळखीची गाठ मारली आणि झाकणाच्या बादलीत घालून ती मांडीवर घेऊन एसटीत बसले. पाटणहून निघताना पाऊस इतका, की कंडक्टर म्हणाला, सुभेदार, पाणी कमी पडलं व्हय तुमच्यात? कराड मागं पडलं आणि ऊन आलं. तात्यांनी खिडकी लावून घेतली. गोधडी उन्हानं वाळली तर परीक्षा बाद. माझ्या विजारीवर बादलीतलं पाणी तीनदा सांडलं आणि तीनदा वाळलं. सांगलीच्या हवेची ती परीक्षा मी मनातल्या मनात पास केली.

दुकानदार शांत माणूस होता. त्यानं गोधडी कपाटात घातली, बटण दाबलं. तात्या समोर स्टूल टाकून बसले. चहा प्यायला बाहेर गेले नाहीत, मागं गोधडी बदलतील म्हणून. कपाटाच्या मागं दुसरं दार नाही ना, हे मला वाकून बघायला लावलं. तीन तासांनी गोधडी निघाली. त्यांनी गाठ पाहिली. ओठाला लावली. दुसऱ्या बाजूनं लावली. आतल्या चिंधीपर्यंत बोट घालून तिथंही ओठ नेला.

"लाइट गेली तर?"

"लाइट गेली तर ह्याचा काही उपयोग नाही, सुभेदार."

"हा पयला मानूस खरं बोलला," तात्या मला म्हणाले. आणि गोधडी काखेत मारून दुकानाबाहेर पडले.

मी मागं धावलो. माझं बोलणं फटकळ, मी तेही लपवत नाही. यंत्रात खोट सापडली नाही हीच तुम्हाला खोट वाटते, असं मी त्यांना रस्त्यातच ऐकवलं. तुमच्या या संशयापायी सून चार महिने जाईल, मग बसा त्या डालग्याशी, असंही म्हणालो.

तात्या चालायचे थांबले. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले.

"कपाट नेलं तर पोरगी ऱ्हाईल न्हवं?"

"राहील."

"मग लंगुटी कपाट वाळवील." त्यांनी गोधडी गुडघ्यावर घेतली. "मास्तर, त्या घरात मला दुसरं कशाला हाक मारत्यात? ऊस पोरं बघत्यात. सैपाक बाया बघत्यात. मामंजी, झबलं वाळलं का, एवढंच इच्यारत्यात मला. चार पोरं झाली माझी, चारी बारीला पलटनीत तार आली. एकाचं लंगुटं वाळवलं न्हाई मी. आता कुठं हाताला काम गावलंय."

मी गोधडी त्यांच्या गुडघ्यावरून उचलून माझ्या काखेत मारली. ते उठले, धोतर झटकलं आणि परत दुकानात गेले. कपाट कधी पोचतं करणार, असं त्यांनी विचारलेलं मला पायरीवरून ऐकू आलं. तारीख दोनदा वदवून घेतली.

सुमन राहिली. आषाढाच्या शेवटी मुलगा झाला. कपाट पडवीत घुमत होतं, झबली कडकडीत निघत होती. डालगं कोंबड्यांवर गेलं. तात्या पडवीत तिथंच बसत, पण हात मांडीवर रिकामे ठेवून.

बारशाला मी नातू बघायला गेलो. सुमन बाळ घेऊन बाहेर आली आणि काही न विचारता तिनं ते तात्यांच्या ओंजळीत ठेवलं. "धरा ह्याला. मला न्हायचं हाय." असं म्हणाली खरी, पण उंबऱ्यातच थांबली.

तात्या ताठ बसले, परेडला उभं राहावं तसे. कोपरं अंगाला चिकटवलेली. मग मान न वळवता, फक्त मलाच ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "मास्तर, मान कशी धरत्यात ह्येची?"

मला तरी काय ठाऊक? सुमन उंबऱ्यातून परत आली. तिनं त्यांचा उजवा हात धरला आणि बाळाच्या डोक्याखाली नेऊन ठेवला.