आवडाबाईंचे बेपत्ता आवळे

चिकलठाण्यापासून वेरूळपर्यंत माझ्या तोडीचा गुप्तहेर नाही. दुसरा गुप्तहेरच नाही, असं माझी बायको सरोजिनी म्हणते. पण ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची, तिला गुन्ह्यातलं काय कळणार? या मधुसूदनाची ती साहाय्यक. म्हणजे स्कूटर ती चालवते. मी मागे बसून विचार करतो.

मार्चमध्ये लासूर स्टेशनहून आवडाबाईंचा फोन आला. "साहेब, आवळ्याची बाग दरसाल फुलती, पण एक आवळा धरत नाय. मालक म्हणतेत, झाडं वांझ हायेत. उद्या जेसीबी यायलाय. डोक्यावर पाणी वाहून जगवलीत हो मी..."

आम्ही तडक निघालो. बागेत शिरताच मी भिंग काढलं. "चोरी!"

"लागायच्या आधीच?" आवडाबाईंचे यजमान, नावानंही कारभारीच, म्हणाले.

"तीच तर चोराची हुशारी."

"अहो, यांना एक विचारू का?" सरोजिनी म्हणाली.

"तपासात मध्ये बोलू नकोस."

फुलांवर पिवळी पूड दिसली. विषप्रयोग! मी हुंगून पाहिली आणि सात-आठ शिंका दिल्या.

"पराग आहे तो," सरोजिनी म्हणाली.

मग कळलं, की ओढ्यापल्याड लांब राहणाऱ्या चुलतभावाशी, पुंजारामशी, कारभारींचा अबोला आहे. त्याच्या अंगणातले गावरान आवळे मात्र दरसाल लगडलेले. मी एकटाच तिकडे गेलो, त्याच्या घरातली मोरावळ्याची बरणी जप्त केली आणि विजयी मुद्रेनं परतलो.

"चोरीचा माल!"

"ह्यो तर मीच शिकवलेला मोरावळा," आवडाबाई म्हणाल्या. "जावेला, पुंजारामच्या बायकोला."

"मग संशयित एकच उरतो. झाडं काढायची घाई कुणाला आहे? कारभारींना!"

"जेसीबी आला की आधी ह्या साहेबालाच उचलतो," कारभारी गरजले.

तेवढ्यात सरोजिनीनं विचारलं, "आवडाबाई, कलमं कुठून आणली होती?"

"समदी एकाच झाडाची. लई टपोरे आवळे व्हते त्याचे."

"मग ही बाग नव्हे, एकच झाड आहे, वेगवेगळ्या खोडांवर उभं. सगळ्यांची जनुकं तीच. अशा झाडाचं फूल पराग ओळखतं. आपल्याच घरचा निघाला की त्याला दारातूनच परत पाठवतं. यांना परका पराग हवा."

"म्हंजे वांझ नाहीत?"

"छे हो! स्थळच चुकलंय."

आवडाबाई मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसत-रडत राहिल्या. कारभारी आपल्या वहाणांकडे पाहत उभे राहिले. मग त्यांनी जेसीबीवाल्याला फोन लावला. "राहू दे बाबा. औंदा नको."

परका पराग पंचक्रोशीत एकाच अंगणात होता, पुंजारामच्या. बरणी परत करायला मला जावंच लागलं. कारभारीही मुकाट मागं आले.

"चोराच्या घरी मागायला आले व्हय?" पुंजारामनं मला विचारलं. मग त्याचं लक्ष कारभारींकडे गेलं. मी परागाचं सांगितलं, तसा त्यानं कोयता उचलला. "किती फांद्या पाहिजेत, दादा?"

फुललेल्या फांद्या पाण्याच्या बादल्यांत घालून त्यानं स्वतः झाडाझाडाला टांगल्या. बाकीचं काम मधमाश्यांनी केलं.

पावसाळा सरता सरता आवडाबाईंचा फोन आला. "साहेब, धरलेत! फांद्या वाकल्यात!"

मी घसा साफ केला. "त्याचं असं आहे आवडाबाई, पहिल्या दिवसापासून माझा अंदाज..."

"व्हय व्हय," त्या म्हणाल्या. "बाईंना द्या की फोन."